डायल नवी कोरी दिसली तर सावध व्हा

आमच्या जानेफळात मनगटी घड्याळाचे दोनच प्रकार मानतात: चावीचं आणि सेलचं. काही लाखांचं चावीचं घड्याळ घ्यायचं म्हटलं की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग टाइम तरी एकदम बरोबर दाखवतं ना?" प्रश्न रास्त आहे. महागडा यांत्रिक क्रोनोग्राफ घेणाऱ्यांच्या गैरसमजांची सुरुवात तिथूनच होते.

महाग म्हणजे अचूक, असं नाही. स्वित्झर्लंडमधली सीओएससी ही संस्था यांत्रिक मशीन तपासून प्रमाणपत्र देते, तेव्हा दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी चूक तिला मान्य असते. सेलचं साधं घड्याळ महिनाभरात साधारण तेवढं चुकतं, जेवढं हे तीन-चार दिवसांत चुकू शकतं. प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाला क्रोनोमीटर म्हणतात. क्रोनोग्राफ ही वेगळी गोष्ट: चालू वेळ न थांबवता मधला काळ मोजून देणारी बटणांची सोय. दोन्ही एकाच घड्याळात असू शकतात, पण एक असलं म्हणजे दुसरं आहेच असं समजू नका.

डायलच्या कडेचे आकडे शोभेचे असतात, हाही गैरसमजच. मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो, तिथे करून बघा. गाडी दुसऱ्याला चालवू द्या, एका किलोमीटरच्या खुणेपाशी बटण दाबा आणि पुढच्या खुणेपाशी थांबवा. ३० सेकंद लागले तर काटा कडेच्या टॅकीमीटर पट्टीवर १२० पाशी उभा असेल, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. काही जुन्या क्रोनोग्राफवर टेलीमीटरची पट्टी असते. वीज चमकली की बटण दाबायचं, गडगडाट ऐकू आला की थांबवायचं. ढग किती लांब आहे ते काटा सांगतो. ज्येष्ठात सोयाबीनच्या पेरणीला गेलेल्या माणसाला ही पट्टी पटकन कळेल.

आता संग्राहकांच्या गप्पांमधला आवडता मुद्दा: मशीन कंपनीने स्वतः बनवलेलं असेल तरच घड्याळ अस्सल. मला हा निव्वळ जाहिरातीतून आलेला समज वाटतो. रोलेक्सच्या डेटोनात सुरुवातीला व्हालजू कंपनीचं मशीन होतं, १९८८ पासून झेनिथच्या एल प्रिमेरोवर आधारलेलं आणि २००० साली रोलेक्सचं स्वतःचं आलं. ओमेगा स्पीडमास्टरचं गाजलेलं ३२१ हे मशीन लेमानिया कारखान्याचं. पटेक फिलिपनेही कित्येक दशकं बाहेरून आणलेल्या कच्च्या मशीनवर आपलं बारीक काम करून क्रोनोग्राफ विकले. मशीन कोणाचं यापेक्षा ते किती निगुतीने घासलं-बसवलं आहे आणि पंधरा वर्षांनी त्याचे भाग मिळतील का, हे विचारा. क्रोनोग्राफची सर्व्हिसिंग साध्या तीन काट्यांच्या घड्याळापेक्षा पुष्कळ महाग पडते. घेण्याआधी तो आकडा काढून घ्या.

आणि डायल. इथे मी स्वतः फसलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्विस घड्याळं महाराष्ट्राला नवी नाहीत. फावर-ल्युबाचा मुंबईशी व्यापार १८६५ पासूनचा. वेस्ट एंडची घड्याळंही मुंबईच्या पेढीतून देशभर गेली. ती घराघरांत वापरली गेली, घाम आणि पावसाळी दमट हवा आत गेली, डायल डागाळल्या. मग कारागिरांनी त्या खरवडून नव्याने रंगवल्या. त्यात फसवणूक होतीच असं नाही. गिऱ्हाईकालाच चकचकीत डायल हवी असायची. पण तीच घड्याळं पुढे 'जुनी, पण नव्यासारखी' म्हणून जगभर विकली गेली आणि अशा रंगवलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहकांनी नावच दिलं: 'मुंबई स्पेशल'.

साठच्या दशकातला एक क्रोनोग्राफ मी दुकानाच्या दिव्याखाली बघूनच घेतला. पांढरी शुभ्र डायल, एक ओरखडा नाही. घरी दहापट भिंगाखाली धरला तेव्हा सेकंदांच्या रेघा कुठे जाड, कुठे बारीक दिसल्या. छोट्या डायलमधल्या गोल-गोल खाचा रंगाने बुजल्या होत्या. सहाच्या आकड्याखाली 'स्विस' असायला हवं तिथे अर्धंच अक्षर उरलं होतं. अंधारात खुणा हिरव्या चमकल्या, तेव्हा उरलीसुरली शंकाही फिटली: डायल नव्याने रंगवलेली होती. त्या काळच्या चमकत्या रंगात बहुधा ट्रिटियम असे आणि त्याची शक्ती दर बारा वर्षांनी निम्मी होते. साठ वर्षांनी तो चमकत नाही. खामगावात चांदी घेताना आपण चकाकी बघत नाही, कस बघतो. घड्याळात मी चकाकी बघितली.

म्हणून जुन्या क्रोनोग्राफची थोडी पिवळलेली, एखादा डाग असलेली, पण मूळची डायल मी नव्या रंगवलेल्या डायलपेक्षा कधीही पसंत करीन.

किंमत वाढतच जाते, हा सगळ्यांत महागात पडणारा समज. २०१७ मध्ये नट पॉल न्यूमनची डेटोना न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली. ती किंमत त्या नटाने रोज घातलेल्या, मागे बायकोचा निरोप कोरलेल्या त्या एकाच नगाची होती, मॉडेलची नव्हे. २०२२ च्या सुरुवातीला वापरलेल्या घड्याळांचे भाव शिगेला पोहोचले आणि वर्षभरात कित्येक नावाजलेल्या मॉडेलचे खूप उतरले. शिवाय एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर दुकानदार १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वसूल करतो. तो पुढे आयकरात वळता करून घेता येतो, पण त्यासाठी दुकानदाराकडे पॅन नोंदवावा लागतो.

घड्याळ हातात आलं की आधी किल्ली द्या. वरचं बटण दाबा, काटा उडी न मारता निघतो का बघा. निदान अर्धा तास चालू द्या, म्हणजे मिनिटांचा छोटा काटा नीट सरकतो का ते कळेल. मग वरच्याच बटणाने थांबवा आणि त्यानंतरच खालचं दाबा. फ्लायबॅक प्रकार (चालू काटा थेट शून्यावर आणता येणारा) नसेल तर काटा चालू असताना खालचं बटण जोराने दाबू नका, आतल्या दांड्यांना इजा होऊ शकते. शून्यावर आलेला सेकंदकाटा बाराच्या रेघेवर अचूक बसला पाहिजे. केसभर जरी इकडे-तिकडे थांबला, तरी दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.