पूर आल्यावर नाही, आत्ताच ठरवा : जनावरं कधी सोडायची?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे आकडे रोज मोबाईलवर येतात. पण किती फुटाला आपल्या गावचा रस्ता बंद होतो, हे किती जणांनी लिहून ठेवलंय?

२०१९ ला बऱ्याच जणांनी २००५ च्या पुराची खूण धरली. 'तेव्हा उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं, आताही नाही लागणार,' म्हणत थांबले. पाणी त्या खुणेच्या वर गेलं. मग बोटीशिवाय मार्ग उरला नाही, आणि म्हैस काही बोटीत बसत नाही.

घराआधी रस्ता बुडतो, म्हणून खूण रस्त्याची धरायची. ओढ्यावरचा पूल किती फुटाला बुडतो ते जाणत्यांना विचारा, भिंतीवर लिहा आणि त्याच्या दोन-तीन फूट आधीच निघा. पहिल्या फेरीत म्हातारी माणसं, आजारी, बाळंतीण. लगेच मागून जनावरं. ट्रॅक्टर कुणाचा, चारा कुठला, कुठल्या पाहुण्यांकडं जायचं, हे आत्ताच बोलून ठेवा. गोठ्यात दावं कापायला विळा टांगलेला असू द्या. सातबारा, आधार, पासबुक, रोजच्या गोळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तातडीच्या मदतीला ११२.