संगणकाच्या पडद्याचे नेटवर्क कॅमेऱ्यात रूपांतर : कबनूर परिसरातील यंत्रमाग व्यवसायाच्या संदर्भात

प्रस्तावना :
हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे गाव इचलकरंजी शहरास लागूनच वसलेले आहे. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे या साऱ्या परिसराचे अर्थकारण मागाभोवती फिरू लागले. येथील अनेक यंत्रमागधारक 'खर्चीवाले' आहेत. म्हणजे व्यापाऱ्याकडून सूत व बिमे घेऊन ते मजुरीवर कापड विणून देतात. तयार तागे पेढीवर गेल्यानंतर मीटर, वजन व दोष यांच्या नोंदीवरून मजुरी ठरते. ही नोंद दिवाणजी संगणकावर करीत असेल आणि पुढे आकड्याविषयी वाद उत्पन्न झाला, तर सी.सी.टी.व्ही.चे चित्रण पाहिले जाते. छताजवळच्या कॅमेऱ्यास तागा दिसतो, काटा दिसतो, दिवाणजीचा हातही दिसतो. पडद्यावर उमटलेला आकडा मात्र वाचता येत नाही. ही उणीव दूर करणाऱ्या तंत्राचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :
संगणकाकडून पडद्याकडे जाणारा दृश्यसंकेत घेऊन तो नेटवर्क कॅमेऱ्याच्या चित्रप्रवाहाच्या स्वरूपात रेकॉर्डरला पुरविणे, यास येथे 'रूपांतर' म्हटले आहे. हे कार्य एन्कोडर नावाचे छोटे उपकरण करते. रेकॉर्डरच्या दृष्टीने तो आणखी एक कॅमेराच असतो.

कार्यपद्धती :
१) संकेत घेणे : २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एच.डी.एम.आय. मानकानुसार संगणकाचे दृश्य केबलमधून पडद्याकडे जाते. मध्ये स्प्लिटर बसविल्यास एक शाखा पडद्यास व दुसरी एन्कोडरला मिळते. दिवाणजीच्या कामात त्यामुळे खंड पडत नाही.

२) संकोचन : १९२० × १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्यास २४ बिट व सेकंदास २५ चित्रे असा हिशेब केल्यास सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. साध्या १०० मेगाबिट जाळ्याची क्षमता केवळ १० कोटी बिट आहे. म्हणून २००३ मध्ये मान्य झालेल्या एच.२६४ सारख्या पद्धतीने, मुख्यतः चित्रातील बदल तेवढाच पाठवून, हा प्रवाह सुमारे ४० लाख बिटांपर्यंत आणता येतो. या वेगाने दहा तासांच्या कामकाजास १८ गिगाबाइट जागा लागते. पडदा बहुतांशी स्थिर असल्याने सेकंदास पाच चित्रेही पुरतात व जागा आणखी वाचते.

३) प्रेषण : १९९८ मध्ये निश्चित झालेल्या आर.टी.एस.पी. नियमावलीनुसार रेकॉर्डर एन्कोडरकडे चित्राची मागणी करतो. त्यासाठी सामान्यतः ५५४ क्रमांकाचे पोर्ट वापरतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी परस्परांस ओळखावे यासाठी ॲक्सिस, बॉश व सोनी यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ ही संघटना स्थापन केली. एन्कोडर व रेकॉर्डर दोन्ही ऑनव्हिफ पाळणारे असल्यास जोडणी सुलभ होते.

४) वेळेचा मेळ : एन्कोडर, कॅमेरे व रेकॉर्डर यांची घड्याळे एकाच वेळ-सर्व्हरशी जुळविणे अत्यावश्यक आहे. काट्यावरचा तागा आणि पडद्यावरचा आकडा एकाच क्षणाचे ठरले, तरच चित्रणास अर्थ उरतो.

मर्यादा व दक्षता :
संकोचनात रंगाची सूक्ष्मता प्रथम कमी होते. त्यामुळे लाल पार्श्वभूमीवरील निळी अक्षरे पुसट होतात. पांढऱ्यावर काळी व मोठी अक्षरे ठेवणे हितावह असते. काही चित्रपटादी आशयाचा संकेत एच.डी.सी.पी. संरक्षणामुळे उमटत नाही. हिशेबाच्या साध्या पडद्यास ही अडचण सहसा येत नाही. आर.टी.एस.पी. प्रवाह बहुधा सांकेतिक नसल्याने तो खुल्या इंटरनेटवर ठेवू नये व उपकरणाचा मूळ पासवर्ड त्वरित बदलावा.

पडद्यावर ग्राहकांची नावे, बँकेचे तपशील व खासगी पत्रव्यवहारही उमटतो. म्हणून केवळ नोंदीच्या संगणकाचेच चित्रण करावे आणि त्याची पूर्वकल्पना दिवाणजीस व खर्चीवाल्यास द्यावी. हे चित्रण न्यायालयात सादर करावयाचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधील प्रमाणपत्राची तरतूद लक्षात घ्यावी लागते.

समारोप :
हे तंत्र आकडा खरा करीत नाही. कोणता आकडा केव्हा लिहिला गेला, एवढेच ते दाखविते. काटाच खोटा असेल तर चित्रणही खोट्या वजनाचीच साक्ष देईल. काट्याची पडताळणी हे वैधमापनशास्त्र यंत्रणेचे कार्य होय. शिवाय चित्रण केवळ पेढीच्या मालकाच्या ताब्यात राहिले, तर ते एकाच पक्षाचा साक्षीदार ठरते. वाद उद्भवल्यास चित्रण दोन्ही पक्षांनी एकत्र पाहावे, असा लेखी करार प्रथमच झाला पाहिजे. तसे झाल्यास विणणाऱ्याच्या श्रमाचा आकडा त्याच्या अनुपस्थितीतही त्याच्या नजरेआड राहणार नाही.