दोन बादल्यांचा कायदा

मिरा-भाईंदरच्या तारोडी गावातल्या एखाद्या घरात सकाळी कुणीतरी केळं खाल्लं. साल कुठे गेली? मागच्या वाडीत नारळाच्या आळ्यात भिरकावली असेल, तर गोष्ट थोड्याच आठवड्यांत संपते. बुरशी, गांडुळं, जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि सालीतला कार्बन हा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत परततो. केळीच्या पानांनी तो हवेतूनच घेतला होता. हिशेब चुकता!

पण तीच साल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून घंटागाडीतून उत्तनच्या धावगी डोंगरावर पोचली तर? मिरा-भाईंदरचा कचरा वर्षानुवर्षं तिथे जातो आहे. डोंगरी-तारोडी-उत्तनकरांना तो ढिगारा माहीत आहे तो दुर्गंधीमुळे, अधूनमधून लागणाऱ्या आगींमुळे आणि धुरामुळे. त्यांचं गाऱ्हाणं राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलं आहे. तिथे आपल्या सालीवर भाजीचे देठ पडतात, त्यावर डेब्रिज, त्यावर उद्याची गाडी. बघता बघता सालीभोवतीचा प्राणवायू संपतो.

आणि अंधारात पंगती बसू लागतात. पहिल्या पंगतीतले जिवाणू साल फोडून तिची साखर करतात. दुसरी पंगत त्या साखरेची आम्लं करते. तिसरीच्या हाती लागतात ती आम्लं, आणि मागे उरतं व्हिनेगरमध्ये असतं तेच अॅसिटिक आम्ल, शिवाय थोडा हायड्रोजन. आता या उष्ट्याच्या उष्ट्यावर कोण बसणार? बसतात! आणि हे शेवटचे पाहुणे जिवाणू नसतातच मुळी. 1977 साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी त्यांची रेणवीय वंशावळ तपासली आणि जीवसृष्टीची एक अख्खी नवी शाखाच हाती लागली. तिला आपण आज आर्किया म्हणतो. आपण आणि अळंबी एकमेकांचे जेवढे जवळचे नातलग, तेवढेही हे जीव जिवाणूंना जवळचे नाहीत!

ढिगाऱ्यातल्या या पाहुण्यांना प्राणवायू म्हणजे विष. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू नव्हता, त्या काळापासूनचं त्यांचं घराणं. नंतर हवा बदलली आणि ते चिखलात, दलदलीत, गाईच्या पोटात जाऊन राहिले. आपण काय केलं? कचरा दाबून दाबून त्यांना त्यांची जुनी पृथ्वी परत बांधून दिली.

जेवण झाल्यावर ते जे सोडतात तो मिथेन. रंग नाही, वास नाही. (ढिगाऱ्याला येते ती घाण दुसऱ्या वायूंची.) शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, वीसच वर्षांचा धरला तर 80 किलोंच्या आसपास. म्हणजे साल तीच, कार्बन तोच. फक्त हवा मिळाली की नाही, एवढ्यावर सगळा फरक!

आता सरकारी नियमांकडे या नजरेनं बघा. अलमित्रा पटेल यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात शहरांच्या कचऱ्याबद्दल याचिका केली. त्या खटल्याच्या रेट्यातून 2000 साली देशाला घनकचऱ्याचे नियम मिळाले आणि 2016 साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. याचिकेमागचं कारण होतं अनारोग्य आणि दुर्गंधी. हवामानबदल तेव्हा कुणाच्या डोक्यात फारसा नव्हता. पण ओला कचरा एका बादलीत, सुका दुसऱ्या बादलीत, आणि ज्याचं दुसरं काहीच करता येत नाही तेवढंच भरावभूमीवर, ही कलमं वाचताना माझ्या मनात येतं, हा तर त्या शेवटच्या पंगतीचं जेवणच बंद करण्याचा कायदा आहे! अर्थात दोन्ही बादल्या एकाच गाडीत उपड्या केल्या, की पाहुण्यांची पुन्हा चंगळ.

2016 च्या नियमांच्या परिशिष्टात तर एकेक रत्न दडलेलं होतं. भरावभूमीवर मिथेनचं प्रमाण स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या पाव हिश्श्यावर जाऊ नये, असं त्यात होतं. ही मर्यादा काय प्रकरण आहे? हवेत मिथेन साधारण 5 टक्क्यांहून कमी असेल तर तो पेटत नाही, आणि 15 टक्क्यांहून जास्त झाला तरीही पेटत नाही. धोका मधल्या पट्ट्यात. परिशिष्ट पुढे सांगत होतं: ढिगारा बंद करताना वर 60 सेंटिमीटर चिकणमाती घाला, तीही अशी की पाणी सेकंदाला एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून हळू झिरपेल. आकडा हास्यास्पद वाटतो ना? वर्षाचे सेकंद मोजा, सव्वातीन कोटींच्या आत येतात. म्हणजे दोन मीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर वर्षाकाठी जवळपास तीनच सेंटिमीटर पाणी आत जाणार!

असा बंद केलेला ढिगारा बघायचा तर लांब जायला नको. तारोडीहून दक्षिणेला गोराई, आणि खाडी ओलांडली की बोरिवलीच्या बाजूला मुंबई महापालिकेचं जुनं डम्पिंग. 1972 पासून डिसेंबर 2007 पर्यंत तिथे सुमारे 23 लाख टन कचरा साठला, साडेएकोणीस हेक्टरांवर, सरासरी 26 मीटर उंच. मग ढिगारा सारखा केला, झाकला, त्यात विहिरी खणून नळ घातले आणि निघणारा वायू चक्क जाळायची सोय केली.

जाळायचा? पृथ्वी तापू नये म्हणून? होय! एक किलो मिथेन जळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. अठ्ठावीसाचे पावणेतीन, म्हणजे ताप एकदम दहाव्या हिश्श्यावर. या न सुटलेल्या वायूची किंमत ठरली, क्योटो कराराच्या व्यवस्थेत त्याचे कार्बन क्रेडिट झाले आणि आशियाई विकास बँकेनं त्यापोटी महापालिकेला आगाऊ पैसेही दिले. हवेत जे गेलं नाही ते विकलं गेलं!

खरं तर जाळून टाकण्यापेक्षा चुलीला लावणं शहाणपणाचं, आणि ते मुंबईला फार आधी सुचलं होतं. माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897 साली मैल्याच्या टाकीवर वायू धरण्याची सोय केली होती आणि 1907 साली त्यावर इंजिन चालत असल्याची नोंद आहे. पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संयंत्र तयार केलं. त्यात गंमत अशी, की स्वयंपाकघरातला कचरा आधी गरम पाण्यात, हवा देऊन, उष्णताप्रेमी जिवाणूंकडून मऊ करून घेतात. मगच तो बंद टाकीत, मिथेनवाल्यांच्या हवाली. त्यांना उपाशी मारण्याऐवजी वेसण घालून कामाला जुंपलं, इतकंच.

उद्यापासून प्रत्येक बादली वेगळी झाली तरी धावगीत आधीच पुरलेलं अन्न आहेच. ते किती काळ पुरेल? अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजी यांनी 1973 पासून कचऱ्याचा अभ्यास चालवला. जुने ढिगारे खणल्यावर त्यांना कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं सापडली, आणि ती वाचता येत होती! तिथल्या कोरड्या ढिगाऱ्यांत पाणी पोचत नाही, म्हणून पंगत रेंगाळते. आपल्या पावसात ती वेगानं उठते, पण तरीही वर्षानुवर्षं चालते. म्हणून 2016 च्या नियमांनी जुने ढिगारे तपासून, जमेल तिथे उकरून काढायला सांगितलं. त्याला बायोमायनिंग म्हणतात. कचऱ्याच्या लांब राशी लावायच्या, त्या उलथापालथ करत राहायच्या, मग चाळायच्या. माती एकीकडे, दगड दुसरीकडे, प्लॅस्टिक सिमेंटच्या भट्टीला. आणि पहिल्याच उलथापालथीत आत शिरतो तो प्राणवायू.