कोंबड्यांचे खुराडे पावसाळ्यात कोरडे ठेवा

परसात कोंबड्या पाळणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींनी पावसाळ्यापूर्वी खुराड्याकडे लक्ष द्यावे. रात्रीच्या निवाऱ्यासाठी दर कोंबडीस दीड ते दोन चौरस फूट जागा ठेवावी. म्हणजे 10 कोंबड्यांना 5 फूट लांब व 4 फूट रुंद खुराडे पुरते. दाटी झाल्यास विष्ठा साचून गादी लवकर ओली होते. जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा 2 ते 3 इंच जाड पसरावा व वरचेवर हलवावा. गादी मुठीत दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर गादी ओली समजावी. ओल्या गादीत रक्ती हगवण बळावते व पिले दगावतात. अशी गादी त्वरित बदलावी. काढलेली गादी उकिरड्यात कुजवून खत म्हणून वापरावी.