मंडपातला आवाज, हिशेबाने

हट्टा गावाच्या परिसरात लग्न असो की दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, भोंगे आणि बॉक्स येतातच. पण खणखणीत आवाजाला नुसता जोर पुरत नाही. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरवर 4 ओहमचा भार येतो, चार जोडले की 2. झेपेना झालं की तो तापून बंद पडतो.

ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. त्यामुळे 34 मीटर मागच्या बॉक्सला साधारण 100 मिलिसेकंदांचा ‘डिले’ द्यावाच. नाहीतर मागच्यांना शब्द दोनदा ऐकू येतात.

हे रीतसर शिकायला पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट-प्रशिक्षण संस्था आहे. 2009 मध्ये ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी तिथलेच.

सणासुदीची मोजकी सूट सोडता, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे.