प्रॅक्टिकलच्या वहीवर सही कोणाची?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून विचारपूस सुरू होते. डॉक्टरकीला मार्क कमी पडले, मग फिजिओथेरपी करावी का? डीएमएलटी बरे की डायलिसिसचा कोर्स? हे लक्षण चांगले आहे. इस्पितळात ज्यांच्या आईबापांनी वॉर्डबॉय, आया किंवा सफाई कामगार म्हणून उमर काढली, त्यांची मुले आता त्याच इस्पितळात रक्त तपासण्यासाठी आणि एक्स-रे काढण्यासाठी उभी राहू पाहत आहेत. पालक फी विचारतात, स्कॉलरशिप विचारतात, होस्टेलची चौकशी करतात. परंतु आमच्या मुलाला प्रत्यक्ष रोग्याजवळ उभे करून शिकविणार कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः हे शिक्षण हाताचे आहे. कमला निंबकर यांनी 1950 साली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली ती मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात. फिजिओथेरपीची शाळाही 1952 साली तेथेच निघाली. रोगी जेथे, तेथेच विद्यार्थी. आज मात्र दोन गाळे भाड्याने घेऊन पॅरामेडिकलचा बोर्ड लावलेल्या संस्थाही दिसतात. या सर्व शाखांसाठी 2021 साली केंद्राचा कायदा झाला. त्यात डिप्लोमा-पदवीच्या अभ्यासाचे किमान तास धरले आहेत. काही व्यवसायांना 2000, तर काहींना 3600. आम्ही पडलो कारकून, त्यामुळे तास म्हटले की आम्हाला हजेरीपट आठवतो. कागदावर तास भरणे किती सोपे असते ते आम्हाला कोणी शिकवायला नको! आमच्या ओळखीतील एका मुलीच्या प्रॅक्टिकलच्या वहीत महिनाभराच्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनाने झाल्या. वही पूर्ण झाली, परंतु नोकरीवर पहिल्याच दिवशी लहान मुलाची शीर सापडेना, तेव्हा तिचे हात थरथरू लागले. दोष त्या पोरीचा नव्हे.

इस्पितळाइतकेच महत्त्व वस्तीतील पोस्टिंगला आहे. मागे आमच्या चाळीत फिजिओथेरपीचे दोन विद्यार्थी त्यांच्या मॅडमबरोबर येत असत. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेले एक काका होते. इस्पितळात ते उंच खाटेवरून उठायला शिकले होते. घरी खाट कुठली? दहा बाय बाराची खोली, अंथरूण जमिनीवर, मोरीला उंबरठा आणि संडास गल्लीच्या टोकाला. पहिल्या दिवशी मुलाने मदत म्हणून काकांचा लुळा हात धरून त्यांना वर ओढले. मॅडमनी तिथल्या तिथे थांबविले. लुळ्या हाताला ओढ दिली की खांदा सांध्यातून उतरतो आणि ते दुखणे कायमचे मागे लागते. मग त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून दाखविले. आधी चांगल्या कुशीवर वळायचे, चांगल्या हातावर भार द्यायचा, पुढ्यात पक्के स्टूल ठेवायचे आणि त्याच्या आधाराने उठायचे. तेच काकूंनाही शिकविले, कारण विद्यार्थी आठवड्यातून एकदा येणार आणि काकूंना रोज उठवायचे. मुलांनी टेप लावून उंबरठा मोजला, मोरीत धरायला दांडी कोठे हवी ते ठरविले. मधोमध भोक पाडलेल्या खुर्चीने संडासची अडचण भागली.

त्या दिवशी मॅडम नसत्या तर? मुलगा चुकीचे तेच पक्के करून गेला असता, आणि काकांचा खांदाही गेला असता. गरिबाचे घर हे शिकाऊ हात बसविण्याची फुकटची जागा नव्हे. विद्यार्थी दारात आले तर त्यांना प्रेमाने घरात घ्यावे, चहा जरूर द्यावा. परंतु तुमच्याबरोबर कोण आहे, ते कधी येणार, हे विचारावे. बाईमाणसाची तपासणी असेल तर घरातील कोणी जवळ असावे. नको वाटले तर नाही म्हणावे; त्यामुळे इस्पितळातील उपचार बंद होता कामा नयेत.

लॅबोरेटरीच्या मुलांचा धोका आणखी वेगळा. रक्ताच्या बाटलीवर नाव रोग्याजवळच लिहायचे, टेबलावर गेल्यावर आठवून नव्हे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही. या गोष्टी पाठ असून भागत नाही. मागे उभे राहून कोणीतरी दहादा टोकावे लागते. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच वरिष्ठांना सांगायचे. एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्य तर दोन तासांत सुरू व्हावीत. 72 तासांनंतर ती देत नाहीत. वरिष्ठच जागेवर नसेल तर पोरगी सांगणार कोणाला? ओरडा बसेल म्हणून ती गप्प राहते. म्हणून पोस्टिंगच्या आधी हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लसीचे तीन डोस झाले का, ते आईने विचारावे. ते पुरे व्हायला सहा महिने लागतात. एक्स-रेच्या विद्यार्थ्याला किरणे मोजणारा बिल्ला मिळाला का, तेही पाहावे.

प्रवेश घेताना फीची पावती हातात पडण्याआधीच चार गोष्टी लिहून मागाव्यात. प्रॅक्टिकल कोणत्या इस्पितळात, आठवड्याचे किती दिवस, देखरेख कोणाची आणि एका शिक्षकामागे मुले किती. उत्तर टाळले तर समजून घ्यावे. पोस्टिंग लांब असेल तर गाडीभाड्याचा हिशेबही आधीच करावा. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची स्वाधार योजना आहे; अर्जाची तारीख मात्र पाळावी लागते.

आमच्या मंडळाने यंदा एका कॉलेजला पत्र दिले. आठवड्यातून एक दिवस विहाराचा हॉल मोकळा ठेवू, खाट, पडदा आणि हात धुवायला पाणी देऊ, अट एवढीच की शिक्षक विद्यार्थ्यांबरोबर पूर्ण वेळ हजर राहतील. पहिले उत्तर आले, शिक्षक अर्धा तास येतील. आम्ही नम्रपणे नकार कळविला. दुसऱ्या पत्रात गुरुवारी दहा ते एक ही वेळ ठरली. पडद्याचे कापड आणले आहे, महिला मंडळ शिवून देत आहे.