गिअर कुणाच्या हातात?

7 मे 1907 रोजी मुंबईत विजेवरची पहिली ट्राम धावली. तिला गिअर नव्हता. ड्रायव्हरपुढे एक उभी पेटी, तिच्यावर हँडल. हँडल एकेक खाच पुढे सरकवलं की वेग वाढायचा. लोकांना बाजूला करायला पायाखाली घंटा. फेब्रुवारी 2023 मध्ये बेस्टची विजेवरची वातानुकूलित डबलडेकर दक्षिण मुंबईत धावू लागली. तिच्यातही गिअरची दांडी नाही. या दोन गाड्यांच्या मधला काळ म्हणजे मुंबईतलं गिअरचं राज्य. ते आलं कसं, त्यात काय कमावलं आणि ते गेलं तेव्हा कुणाचं काय गेलं, हे आज मागे वळून पाहायला निमित्त आहे शर्यतीतल्या एका वादाचं. गो-कार्टमध्ये गिअर दांडीनंच बदलायचा, की स्टिअरिंगमागच्या पॅडलला आणि बटणालाही परवानगी द्यायची?

गिअर शहरात रुळला तो बसबरोबर. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली बस सुटली, 1937 मध्ये डबलडेकर आली. ट्राम रूळ सोडून हलू शकत नव्हती, बस वाट काढू शकत होती, त्यामुळे या झुंजीचा निकाल ठरलेलाच होता. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. दादरच्या चौकाला टी.टी., म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव मागे राहिलं आणि त्याच चौकातून गिअरच्या गाड्या घरघरत जाऊ लागल्या.

बस चालवणं ही तेव्हा अंगमेहनत होती. परळ-लालबागच्या रस्त्यावर स्टॉप जवळजवळ, गिरण्यांची पाळी सुटली की माणसांचा लोंढा. पहिला, दुसरा, जेमतेम तिसरा, की पुढचा स्टॉप. पुन्हा क्लच, पुन्हा पहिला. डावा पाय आणि डावा खांदा पाळीभर हेच करत राहायचा. वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीची जागा पटकावून बसलेल्या पोराला जी मौज वाटायची, तिचं भाडं खाली केबिनमध्ये कुणीतरी गुडघ्यानं भरत होतं. आपण डबलडेकरच्या आठवणी काढतो त्या सगळ्या प्रवाशाच्या बाजूनं. ड्रायव्हरला कुणी विचारलं नाही.

टॅक्सीत मात्र गिअरची गंमत वेगळी होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, म्हणजे वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या कंपनीत, फियाट 1100 बनायची. तिचंच पुढे ‘पद्मिनी’ झालं. 1089 सीसीचं इंजिन, चार गिअर आणि दांडी खाली जमिनीवर नव्हे, तर स्टिअरिंगच्या दांड्याला. टॅक्सीवाले त्याला ‘हँड गिअर’ म्हणत. पुढची सीट अखंड, मध्ये अडथळा नाही, त्यामुळे अडीनडीला ड्रायव्हरशेजारी दोन माणसं आणि मांडीवर एक गाठोडं सहज मावे. हात स्टिअरिंगपासून वीतभर हलवला की गिअर पडला.

पण स्टिअरिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत जायला सळ्यांची एक साखळी होती. तिचे बुश झिजले की दांडी दोन गिअरांच्या मधेच अडकायची. गिरगावच्या सिग्नलला दिवा हिरवा झालाय, मागचे हॉर्न वाजवतायत, आणि ड्रायव्हर शांतपणे उतरून बॉनेट उघडतोय, हात घालून एक सळी हिसडतोय, बॉनेट आपटून पुन्हा जागेवर येतोय, हे दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. पॅसेंजर जागचा हलायचाही नाही. त्याला ठाऊक असे की पाऊण मिनिटाचं काम आहे.

चढावर गाडी मागे न सरकवता उचलणं ही खरी परीक्षा. केम्प्स कॉर्नरच्या चढावर गर्दीत अडकलेली टॅक्सी हाफ क्लचवर जागच्या जागी तोलून धरणारा ड्रायव्हर हा कारागीर होता. अनंत चतुर्दशीला हीच कारागिरी ट्रकवाले दाखवत. लालबागहून गिरगाव चौपाटीपर्यंत रात्रभर पावलापावलानं सरकायचं, पुढे ढोल, मागे माणसं, वर मूर्ती. धक्का बसून चालणार नाही. पहाटेपर्यंत क्लचप्लेटचा जळका वास गुलालात मिसळलेला असायचा.

पद्मिनी बनणं थांबलं नव्या शतकाच्या तोंडावर. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत नोंदली गेली 29 ऑक्टोबर 2003 रोजी. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याच्या दीडच महिना आधी, 15 सप्टेंबरला, बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर निवृत्त झाली होती. लोकांनी हार घातले, फोटो काढले. गिअरच्या नावानं कुणी रडलं नाही.

खरं तर गिअरची घसरण त्याआधीच सुरू झाली होती, आणि ती पुण्याहून. बजाज चेतक 1972 मध्ये आली तेव्हा डाव्या मुठीत क्लच दाबून तीच मूठ फिरवायची, की गिअर. 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली. तिला गिअरच नाही. ‘ही बायकांची गाडी’ म्हणून पुरुषमंडळींनी नाकं मुरडली. 2001 मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली आणि हळूहळू नाकं मुरडणारेच तिच्यावर बसून मंडईत जाऊ लागले. जानेवारी 2020 मध्ये चेतक परतली ती विजेवर, अर्थात बिनगिअरची. आपला मोटार वाहन कायदा मात्र दुचाकीच्या लायसन्सवर आजही गिअरची आणि बिनगिअरची असा भेद पाळतो.

आता शर्यतीकडे. 26 मार्च 1989 रोजी ब्राझीलमध्ये फॉर्म्युला वनच्या मोसमाची पहिली शर्यत झाली. जॉन बर्नार्डनं फेरारीसाठी आखलेल्या गाडीत दांडी नव्हती. स्टिअरिंगच्या मागे दोन पॅडल. बोटानं ओढलं की विजेचा इशारा जाऊन हायड्रॉलिक यंत्रणा गिअर बदलणार. सरावात ती इतक्यांदा बिघडली होती की गाडी शेवटपर्यंत टिकेल असं फेरारीतही कुणाला वाटत नव्हतं. नायजेल मॅन्सेल त्याच गाडीनं ती शर्यत जिंकला. सहा वर्षांत दांडी फॉर्म्युला वनमधून जवळपास हद्दपार झाली. ही यंत्रणा उभी करण्यात इटलीच्या मॅग्नेटी मरेलीचा हात होता. त्याच कंपनीची, त्याच तत्त्वावरची यंत्रणा 2014 मध्ये मारुती सेलेरिओत आली आणि मध्यमवर्गीय मुंबईकराचा डावा पाय मोकळा झाला. शर्यतीतला चमत्कार पंचवीस वर्षांत दादरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा राहिला.

कार्टिंगनं मात्र वेगळी वाट धरली. आपल्याकडे मुलं ज्यावर शिकतात त्या कार्टला बहुतेक गिअर नसतोच. रोटॅक्सचं 125 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, आपोआप पकडणारा क्लच. दाबा आणि पळा. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या त्या अशाच गाड्यांच्या. रोटॅक्सच्याच डीडी2 वर्गात दोन गिअर असतात आणि ते पॅडलनं बदलतात. पण गिअरच्या कार्टचा सर्वांत वरचा वर्ग म्हणजे केझेड. तिथं गिअर सहापर्यंत, आणि आंतरराष्ट्रीय नियम असा की गिअर हातानं, निव्वळ यांत्रिक दांडीनं बदलायचा. मदतीला कुठलंही सर्व्हो नाही, गिअर बदलताना स्पार्क तोडणारी यंत्रणासुद्धा नाही. 2013 मध्ये, पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेलेला मॅक्स वेरस्टापेन या वर्गाचा जगज्जेता झाला.

केझेडमध्ये गिअर बदलणं म्हणजे काय ते जवळून पाहण्यासारखं आहे. कार्टला सस्पेन्शन नाही, रस्त्याचा प्रत्येक खडा मनगटात येतो. वळणाच्या तोंडाशी ब्रेक लावत असतानाच उजवा हात स्टिअरिंगवरून काढून दांडी चार वेळा मारायची, सहाव्यावरून दुसऱ्यावर, आणि तेवढा वेळ गाडी एका हातानं धरायची. एक ठोका घाईनं पडला तर मागची चाकं जाम होऊन गाडी गरकन फिरते. उशिरा पडला तर मागचा आत शिरतो. शर्यत हरली-जिंकली जाते ती या ठोक्यांवर.

पॅडल हवं म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर राहिले तर धोका कमी. पुढे ज्या फॉर्म्युला फोरमध्ये ही मुलं जाणार, आणि भारतातही ती मालिका 2023 पासून सुरू झाली आहे, तिथं पॅडलच आहे. मग दांडी शिकवायची कशाला? पण दुसरी बाजू जड आहे. इलेक्ट्रॉनिक शिफ्टर म्हणजे सेन्सर, सोलेनॉइड, बॅटरी, वायरिंग. आधीच पैसेवाल्यांचा असलेला खेळ आणखी महागणार. शिवाय दांडी आणि सळी तपासनिसाला डोळ्यांनी दिसते, प्रोग्रॅम दिसत नाही. 1994 मध्ये फॉर्म्युला वननं चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी बेनेटन संघाच्या गाडीच्या प्रोग्रॅममध्ये स्टार्टला मदत करणारा एक पर्याय दडलेला सापडला. तो वापरल्याचं सिद्ध झालं नाही, संशयही फिटला नाही. फॉर्म्युला वनच्या खजिन्याला जे जमलं नाही, ते कार्टिंगच्या रविवारच्या तपासणीला कसं जमणार?

शंभरेक वर्षांचा हा हिशेब एकाच जागी येऊन थांबतो. बसच्या ड्रायव्हरला गिअर हे काम होतं. ते त्याच्या गुडघ्यावरून उतरलं, चांगलं झालं. त्याबद्दल हळहळणाऱ्यानं आधी गर्दीच्या वेळी लालबाग ते दादर बस चालवून पाहावी. पण शर्यतीत कुणाला कुठं पोचायचं नसतं. सुटतात तिथंच परत येतात. तिथं अवघड गोष्ट कोण चांगली करतो एवढंच पाहायचं असतं, आणि अवघड तेच काढून टाकलं तर पाहायला उरतं काय?

म्हणून डीडी2 चं पॅडल डीडी2 मध्ये असू द्यावं. ज्याला हाताच्या किंवा पायाच्या अपंगत्वामुळे दांडी वापरता येत नाही, त्याला कुठल्याही वर्गात पॅडलची मुभा द्यावी, त्यात कुणाची हरकत असू नये. बाकी केझेडची दांडी आहे तशी राहावी. बेस्टनं गिअर सोडला ते योग्य होतं. कार्टिंगनं धरून ठेवला, तेही योग्यच आहे.